तुझा शूरवीर किती ओळींचा?

मुलांनो, भातुकली खेळताना कोण काय होणार हे ठरवायला तुम्हाला किती वेळ लागतो? "तू आई, मी बाबा, ही पाहुणी," एवढं म्हटलं की झालं! अर्ध्या मिनिटात चूल पेटते आणि खोटाखोटा चहा उकळायला लागतो. आईची उंची किती, बाबांना पोहता येतं का, पाहुणीच्या पिशवीत किती रुपये आहेत, असले प्रश्न कुणी विचारत नाही.

आता असा एक खेळ सांगते, ज्यात हे सगळं विचारतात. उंची विचारतात, पोहणं विचारतात, पिशवीतले पैसे तर हमखास विचारतात. त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्याला सोंगांचा खेळ म्हणू. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. त्यातला एक जण खेळ चालवतो. तो म्हणतो, "तुमच्यासमोर एक पडकी गढी आहे. दार आतून बंद आहे. आत कुणीतरी खोकतंय." मग बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं सांगतात, मी दार ढकलतो, मी भिंतीवर चढते, मी आधी हाक मारून बघतो. जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकायचा. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, आणि शेवटी कुणी पहिला-दुसरा येत नाही. गोष्ट पुढं सरकते, एवढंच.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. यंदा माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त शहरात असतो. त्यानं एका दिवाळीला मला फाशांची छोटी पिशवी आणून दिली. आपल्या सापशिडीचा फासा सहा बाजूंचा. या पिशवीत मात्र चार, आठ, बारा आणि चक्क वीस बाजूंचेही फासे होते! (सगळ्या बाजू आणि सगळे कोपरे अगदी सारखे असणाऱ्या अशा घनाकृती एकूण पाचच असतात, आणि त्या पाचही या पिशवीत सापडतात. भूमितीच्या तासाला मी तीच पिशवी नेते.) तेव्हापासून आमच्या वर्गात शनिवारी सकाळी शेवटचा तास या खेळाचा असतो. एका वेळी सहा जण खेळतात. बाकीचे ऐकतात आणि फुकटचे सल्ले देतात.

पण खेळायला बसण्याआधी प्रत्येकाला आपलं पात्र तयार करावं लागतं, आणि इथंच खरी गंमत आहे. पात्र किती तपशिलानं तयार करायचं? या एका प्रश्नावर हे खेळ रचणारी माणसं गेली पन्नासहून अधिक वर्षं निरनिराळी उत्तरं देत आली आहेत.

सुरुवात झाली अमेरिकेत. मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाचा तरुण आणि त्याचे मित्र लुटुपुटूच्या लढाया खेळत असत. टेबलावर शिशाचे सैनिक मांडायचे आणि नियमांनी लढवायचे. १९६९ मध्ये वेस्लीनं एक वेगळाच डाव मांडला. गावाचं नाव ब्राउनस्टाइन, काळ नेपोलियनचा. पलटणींच्या जोडीला त्यानं एकेका खेळाडूला गावातलं एकेक माणूस दिलं. त्यासाठी ना लांबलचक अर्ज, ना आकड्यांचा तक्ता. म्हणजे आपली भातुकलीच की!

त्या मित्रांमध्ये डेव्ह आर्नेसन होता. पुढं त्यानं आणि विस्कॉन्सिनमधल्या गॅरी गायगॅक्सनं मिळून १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला. गायगॅक्स आधी विमा कंपनीत नोकरीला होता. ती नोकरी गेल्यावर तो घरी जोडे दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहायचा. त्या खेळाच्या डब्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. पात्र तयार करायचं म्हणजे सहा गुण काढायचे: ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि माणसांवर पडणारी छाप. बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळे मोजलेत, हे मला फार आवडलं. सतराचा पाढा न अडखळता म्हणणारा मुलगा भर पावसात छत्री दप्तरात ठेवून भिजत येतो तेव्हा मला या दोन रकान्यांची आठवण होते.

हे गुण आपण निवडायचे नाहीत, फाशानं द्यायचे. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त अठरा. आता वही काढा पाहू! तीन फासे एकूण २१६ तऱ्हांनी पडू शकतात. त्यात अठरा येण्याची तऱ्हा एकच: सहा, सहा, सहा. दहा येण्याच्या मात्र २७ तऱ्हा आहेत आणि अकरा येण्याच्याही २७. म्हणजे बहुतेक पात्रं तुमच्याआमच्यासारखी मधली निघणार. ताकद अठरा असलेला भीम शोधून सापडायचा नाही. मग तीन प्रकारांतून एक निवडायचा: लढवय्या, जादूगार किंवा धर्मोपदेशक. थोडं सामान विकत घ्यायचं. झालं पात्र! पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावेल इतकं.

इतकं थोडक्यात का? कारण त्या खेळात पात्रं पटापट मरायची. जादूगाराला सुरुवातीला इतका कमी जीव असायचा की एका तलवारीच्या घावात खेळ खलास. ज्याला तासाभरात खड्ड्यात पडायचं आहे त्याची कुळकथा लिहायला कोण बसेल? मेला की दुसरा कागद, पुन्हा फासे, पाच-दहा मिनिटांत नवा गडी हजर. पुढं हळूहळू उलटं झालं. लोकांना आपलं पात्र वर्षानुवर्षं जपावंसं वाटू लागलं. मग फासेही जरा उदार झाले: चार टाकायचे आणि सर्वांत लहान आकडा सोडून द्यायचा. यानं सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या आसपास जाते, करून बघा. जितकं पात्र जास्त जगणार तितकं ते घडवायला माणूस जास्त वेळ देणार. याच खेळाचं खेळाडूंसाठीचं पुस्तक २०१४ मध्ये ३२० पानांचं होतं आणि २०२४ मध्ये ते ३८४ पानांचं झालं. तीन प्रकारांचे बारा झाले, आणि प्रत्येकात पोटप्रकार.

दुसऱ्या काही लोकांनी वेगळ्याच वाटा काढल्या. १९७७ मध्ये 'ट्रॅव्हलर' नावाचा अंतराळातला खेळ निघाला. त्यात पात्राचं अठराव्या वर्षापासूनचं आयुष्य आधी फाशांनी जगून घ्यायचं. चार वर्षं नौदलात, पुढची चार वर्षं पुन्हा तिथंच, काय शिकलात, बढती मिळाली का, आणि मुख्य म्हणजे वाचलात का! होय, त्या मूळ नियमांत पात्र तयार होता होताच मरू शकायचं. खेळ सुरू व्हायच्या आधीच शोकसभा! पाच वेळा नोकरीची मुदत पुरी केली की बहुतेक खात्यांत पेन्शनसुद्धा मिळायची. पेन्शनचं वाचून आमच्या शिक्षकखोलीत बराच हशा झाला, तो का ते मोठ्यांना विचारा.

मग १९८६ मध्ये स्टीव्ह जॅक्सन यांच्या कंपनीनं 'गर्प्स' आणला. त्यात नशिबाला सुट्टी. तुम्हाला शंभर गुण देतात, जणू बाजारहाटाला दिलेले शंभर रुपये. ताकद घ्या, पोहणं घ्या, घोड्यावर बसणं घ्या, ज्याची त्याची किंमत ठरलेली. पैसे संपले तर? दोष घ्यायचे! अंधाराची भीती घेतली की काही गुण परत मिळतात. शीघ्रकोपीपणा घेतला की आणखी काही. अर्थात त्यालाही मर्यादा असते, नाहीतर सगळे रागीट आणि भित्रेच व्हायचे. ही पद्धत कागदावर सर्वांत न्यायाची दिसते, कारण सगळ्यांना सारखेच शंभर. मला मात्र त्यात एक खोट दिसते. मी वर्गात याची छोटी नक्कल करून पाहिली. जिच्या घरी किराणा दुकान आहे, त्या मुलीनं पाच मिनिटांत असा हिशेब बसवला की तिच्या पात्रापुढं बाकीची पात्रं बावळट दिसायला लागली. तिची यात काही चूक नाही. पण ज्याला यादी नीट वाचता येते त्याचाच वीर मोठा होतो, आणि यादी नीट न वाचता येणारी मुलं वर्गात असतातच. फाशाला कुणाचं वाचन पक्कं आणि कुणाचं कच्चं ते कळत नाही.

म्हणून यंदा जूनमध्ये मी टेबलावर तीन तऱ्हेचे कागद ठेवले आणि म्हटलं, "ज्याला जो हवा तो घ्या."

पहिला कागद म्हणजे एक चिठ्ठी. त्यावर फक्त नाव आणि एक आकडा. ही कल्पना 'लेझर्स अँड फीलिंग्ज' या जॉन हार्परच्या २०१३ मधल्या खेळातली. तो अख्खा खेळ एका पानावर मावतो! दोन ते पाच यांतला एक आकडा तुम्ही निवडायचा. डोकं लढवायचं असेल तर फासा त्या आकड्याच्या खाली पडायला हवा, मनानं काम करायचं असेल तर वर. म्हणजे पाच घेतलेला हिशेबी, दोन घेतलेला मायाळू. दुसरा कागद अर्ध्या पानाचा: सहा गुण, सामान, जीव किती उरला. तिसरा दोन पानांचा: गुण, कौशल्यं, जन्मगाव, घरची माणसं, भीती, आवडती वस्तू, आणि खाली गोष्ट लिहायला रेघा. तिन्ही कागद एकाच डावात चालावेत म्हणून नियमांत मी घरच्या घरी थोडी काटछाट केली.

सांगा बरं, कुणी काय उचललं असेल? पहिला नंबर येणाऱ्यांनी मोठा आणि मागच्या बाकानं चिठ्ठी? तसं झालं नाही. दोन हुशार मुलांनी चिठ्ठी घेतली, कारण त्यांना लगेच गढीत शिरायचं होतं. चार-पाच जणांनी मोठा कागद नुसताच मोठा म्हणून घेतला आणि जन्मगावापाशी पेन्सिल चावत बसले. बहुतेकांनी मधला. आणि एका मुलीनं मोठा कागद घेतला, तो भरला, आणि मागितल्या वहीच्या आणखी दोन पुरवण्या.

तिच्या पात्राचं नाव चांदणी. चांदणी वैदू होती. तिच्या आजीनं दिलेली अंगठी, डाव्या हातावरचा तीळ, तिला कारल्याची भाजी का आवडत नाही, सगळं चार पानं भरून लिहिलेलं. अक्षर मोत्यासारखं. दुसऱ्याच शनिवारी चांदणी गढीतल्या विहिरीत पडली. जीव शून्य. नियम असा, की वीस बाजूंचा फासा टाकत राहायचं, दहा किंवा वर पडलं तर एक बरा, खाली पडलं तर एक वाईट. तीन बरे आधी झाले तर वाचली, तीन वाईट झाले तर गेली. दोन बरे झाले, दोन वाईट झाले. सगळा वर्ग बाकांवर उभा! शेवटचा फासा तिनं स्वतः टाकला, सगळ्यांसमोर. चार.

"बाई, पण मी एवढं लिहिलंय," ती म्हणाली.

मी फासा बदलला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडला होता. शिवाय दुसऱ्या कुणाची चिठ्ठी मेली असती तर मी तीही बदलली नसती. सोमवारी तिची आई शाळेत आली आणि हळूच विचारू लागली, "बाई, ही चांदणी कोण? पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही." मी त्या माउलीला चार पानं वाचायला दिली. ती तिथंच व्हरांड्यात उभी राहून वाचत राहिली, आणि कारल्यापाशी हसली. पुढच्या शनिवारी मुलीनं विचारलं, "आजीला दुसरी नात असली तर चालेल?" चालेल म्हटलं. या वेळी तिनं मधला कागद घेतला. पण चार पानं टाकली नाहीत, ती नव्या कागदामागं टाचणीनं लावली.

चिठ्ठी उचलणाऱ्यांत एक मुलगा होता. त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तोही बरोबर जातो, त्यामुळं त्याचं वाचन मागं राहिलेलं. वर्गात विचारल्याशिवाय बोलायचा नाही, विचारलं तरी मान हलवायचा. त्याच्यापुढं दोन पानांचा कागद ठेवणं म्हणजे आणखी एक परीक्षाच. चिठ्ठीवर त्यानं लिहिलं, दगडू. आकडा घेतला दोन.

गढीच्या दाराशी एक मोठा कुत्रा बांधलेला होता. बाकीच्या पाचांनी दहा मिनिटं बेत केले. जाळं टाकू, मशाल दाखवू, मागच्या भिंतीनं जाऊ. तेवढ्यात हा म्हणाला, "दगडू त्याला भाकरी देतो." मी विचारलं, "भाकरी कुठून आली?" "त्याच्याच वाटणीची आहे." फासा टाकला. पाच पडले. दोनाच्या वर, काम फत्ते. कुत्रा शेपूट हलवत मागोमाग निघाला.

पुढच्या शनिवारी तो स्वतःहून टेबलापाशी आला. "बाई, कुत्रा कुठं लिहू?" चिठ्ठीवर जागाच नव्हती. मी मधला कागद दिला. त्यानं सामानाच्या रकान्यात 'कुत्रा' लिहिलं, मग तो सामान नाही म्हणून खोडलं आणि खाली वेगळी ओळ आखून घेतली. दिवाळीपर्यंत त्या कागदावर कुत्र्याचं नाव आलं, गढीतून मिळालेली चिमणी आली (दिव्याची चिमणी बरं का, पक्षी नव्हे), दोरीची लांबी आली, आणि दगडूला कुणाचा राग येतो तेही आलं. त्यातला एकही रकाना मी भरायला सांगितला नव्हता.

आता माझं मत सांगते. खेळण्याआधी भरलेला तपशील आणि खेळता खेळता आलेला तपशील यांत दुसरा जास्त टिकतो. मोठा कागद घेतलेल्या बहुतेकांनी महिनाभरात त्यातल्या तीन-चार ओळीच वापरल्या. चिठ्ठीवाले मात्र एकेक करून जागा मागायला आले. २०१२ मधल्या 'डन्जन क्रॉल क्लासिक्स' या खेळात तर हे नियमातच बसवलंय. तिथं प्रत्येक खेळाडूला तीन-चार साधे गावकरी देतात, त्यांचा धंदासुद्धा फाशानं ठरतो. कुणी शेतकरी, हातात दाताळं आणि काखेत कोंबडी. सगळ्यांना एकदम संकटात लोटायचं, आणि जो जिवंत बाहेर येईल तोच तुमचा वीर. त्याची गोष्ट वेगळी लिहावी लागत नाही, टेबलावरच्या सगळ्यांनी ती पाहिलेली असते.

तरी त्या चार पानांवर मी फुली मारणार नाही. काही मुलांचा खरा खेळ कागद भरण्यातच असतो. घरी एकट्यानं, पाऊस पडत असताना, कुणाशी न बोलता. त्यांना चिठ्ठी देणं म्हणजे जेवायला बोलावून नुसतं पाणी देणं.

पालकांपैकी एका वडिलांनी मला विचारलं, "याला मार्क किती?" शून्य. पण त्यांचा मुलगा आता दोन आकडी वजाबाकी तोंडी करतो, कारण दर शनिवारी त्याच्या पात्राचा जीव वजा होत असतो. पालकहो, घरी खेळायचं असेल तर महागडं पुस्तक आणायची गरज नाही, लुडोचे फासे चालतात. मुलानं पात्र कितीही लहान केलं तरी "एवढंच?" म्हणू नका, आणि कितीही मोठं केलं तरी "अभ्यास कर" म्हणायला अर्धा तास थांबा.

दगडूचा मुलगा यंदाही दिवाळीनंतर कारखान्याकडे गेला. कागद त्यानं बरोबर नेला, घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो परत येईपर्यंत दगडूचं काय करायचं यावर वर्गात मोठी चर्चा झाली. त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी फासा टाकायचा नाही, असं ठरलं. सध्या दगडू आणि कुत्रा गढीच्या दाराशी राखण करतायत. चांदणीच्या बहिणीनं त्यांना थंडीसाठी घोंगडी दिली आहे, तशी नोंद तिनं स्वतःच्या कागदावर केलीय.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर चार मित्र जमवा, वहीचं मधलं पान फाडा (मधलंच, म्हणजे वही सुटत नाही) आणि तीन ओळींपासून सुरुवात करा: नाव, एक आकडा, एक वस्तू. आणि पेन्सिलनंच लिहा बरं का. जीवाचा आकडा इतक्यांदा खोडावा लागतो, की पेननं लिहिलेला कागद पहिल्याच दिवशी फाटतो.